पाडळपूर काही रागावेना

निर्भीड माणसाला शत्रू लागतात. नुसतं आपण निर्भीड असून भागत नाही, समोर कुणीतरी डोळे वटारून उभा राहावा लागतो. ही गोष्ट दिल्लीच्या पारितोषिकाच्या नादी लागेपर्यंत मला कुणी सांगितली नव्हती. शहाद्यात सांगणार तरी कोण? इथली माणसं कापसाच्या भावाबद्दल बोलतात, केळीबद्दल बोलतात, आणि फारच रसिक असली तर तमाशातल्या नाच्याच्या कमरेबद्दल बोलतात. कलासमीक्षा म्हटलं की त्यांना वाटतं, मास्तरला पुन्हा पित्त झालं.

मी शहाद्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि धुळ्याच्या एका साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहीत असे. लिहीत असे म्हणजे झोडपत असे. चांगलं नाटक आमच्या बाजूला येतच नाही, मग चांगलं लिहायचं कशाबद्दल? ती परीक्षणं धुळ्यात छापली जात आणि धुळ्यातच त्यात भजी बांधली जात. माझी वाङ्मयीन कीर्ती तेलकट होती, पण होती.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी दिल्लीच्या एका कलापरिषदेनं जाहीर केलं की यंदापासून कलासमीक्षेसाठी राष्ट्रीय पारितोषिक द्यायचं. ज्या देशात नाटकाला पडदा मिळत नाही, तिथे नाटकाला नावं ठेवणाऱ्याला पारितोषिक! पण म्हटलं, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली. मी माझी कात्रणं पाठवून दिली. उत्तर आलं की कात्रणं पसंत आहेत, मात्र पारितोषिक निर्भीड समीक्षेसाठी आहे. सबब समीक्षक आपल्या गावात लोकांचा रोष पत्करून लिहितो की कसं, हे पाहायला परिषदेचे निरीक्षक स्वतः येतील.

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे रतिलालभाई आले. यांचा लोणखेड्याला केळीचा बाग आहे, आणि केळीला पाणी देऊन उरलेला सगळा वेळ ते मला सल्ला देतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि विचारलं, “मास्तर, पन तुम्हनावर रागे भरेल कोन शे?”

मी विचार करायला लागलो. ज्या नाटक मंडळ्यांना मी झोडपलं, त्या परीक्षण छापून यायच्या आत तंबू गुंडाळून पुढच्या मुक्कामाला गेलेल्या असत. एका गवयावर फार जहाल लिहिलं होतं, तर तो वाचायच्या आधीच वारला. हेडमास्तर माझ्यावर रागावलेले असत, पण ते खडू जास्त वापरतो म्हणून. म्हणजे इतकी वर्षं मी जीव तोडून निर्भीडपणा केला आणि एकाही गाढवाला राग आला नव्हता! मला अन्न गोड लागेना.

“घरनाच मानूस धरा,” रतिलालभाई म्हणाले. “बाहेरला रागे भरस नी इसरी जास. घरना इसरत नही.”

घरचा माणूस म्हणजे माझा मेहुणा नथ्थू. आमचं मूळ गाव बोरखेडी गोमाईच्या अलीकडच्या काठाला, आणि माझी सासुरवाडी पाडळपूर बरोबर समोर पलीकडच्या काठाला. या नथ्थूनं तिथे ‘सती चंद्रप्रभा’ नावाचं नाटक बसवलं होतं. लिहिलेलं त्याचंच, बसवलेलं त्याचंच, आणि चंद्रप्रभाही तोच, कारण गावात गोरा तेवढा एकटाच. चैत्रातल्या जत्रेत प्रयोग झाला. मी पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसलो, आणि देवाशपथ सांगतो, मला काही वाईट शोधावं लागलं नाही.

मी लिहिलं: ‘श्री. नथ्थू पाटील यांची चंद्रप्रभा चितेवर चढताना पदर सांभाळते, परंतु मिशी सांभाळत नाही. तिला पाहून चितेलाच लाज वाटली असावी, कारण ती शेवटपर्यंत पेटली नाही. प्रधानाचे काम करणाऱ्या गृहस्थांनी आपली सर्व भाषणे मांडवाच्या खांबाला उद्देशून केली. खांबाने मात्र कमालीचा संयम दाखवला.’ असं बरंच. शेवटी हेही लिहिलं की असल्या नाटकापेक्षा रात्रभर मोट हाकलेली बरी.

अंक आला. मी दाराला आतून कडी घातली आणि पाडळपूरचे लोक काठ्या घेऊन येण्याची वाट पाहत बसलो. बाहेरून कुणी आलं नाही. राग आला तो आतल्या माणसाला. आमच्या सौ. सरलाबाईंनी अंक वाचला, घडी घातली आणि माझ्या ताटावर ठेवला.

“मन्हा भाऊनी लाज काढी तुम्ही. आखाजीले मी माहेर चालनी. लिखेल मांगे ल्या, तवय येसू. नही तं नही.”

मी म्हटलं, “अगं, मागे घेतलं तर पारितोषिक जाईल. निर्भीड माणसाला शब्द मागे घेता येत नाही.”

“मंग निर्भीडना हातनी भाकर खा,” ती म्हणाली आणि गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातातच, आणि सण झाला की परत येतात. ही मात्र लुगडीच काय, पोळपाटसुद्धा घेऊन गेली. पोळपाट नेणारी बाई लवकर येत नसते, एवढं मला समीक्षक नसतो तरी कळलं असतं.

मी मन घट्ट केलं. बायको रागावली म्हणजे रोष सुरू झाला, आता गावही पेटेल. तेवढ्यात नथ्थू आला. पण त्याच्या डोक्यावर केळीचा घड आणि हातात टावेल-टोपी! आमच्याकडे पोर झालं तरी टावेल-टोपी, लग्न झालं तरी टावेल-टोपी, माणूस मेला तरी टावेल-टोपी. पण परीक्षणाला टावेल-टोपी मी पहिल्यांदा पाहिली. तो सांगत होता की अंक चावडीच्या भिंतीवर डकवला आहे, आणि प्रधानानं तर आपल्यापुरता मजकूर कापून मारुतीच्या तसबिरीशेजारी लावला आहे. “दाजी, बठ्ठा गावनं नाव छापामा आनं तुम्ही!”

मी ओरडलो, “अरे, मी तुला झोडपलंय!”

“हाऊ ना! कितलं मोठं झोडपं!” नथ्थू म्हणाला आणि माझ्या पाया पडला.

मी टोपी घ्यायला साफ नकार दिला. आमच्याकडे जावयानं आहेर नाकारला की भांडण ठरलेलं, म्हटलं निदान आता तरी चिडेल. त्याचा चेहरा उतरला, मान खाली घालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी टोपीबरोबर उपरणं आणि धोतरजोडी घेऊन हजर. आपला आहेर कमी पडला अशी त्याची समजूत! मी मुकाट्यानं सगळं घेतलं. पुन्हा नको म्हटलं असतं तर त्यानं म्हैस आणली असती.

त्यापुढचं तर ऐकवत नाही. परीक्षणाची बातमी पंचक्रोशीत गेली, आणि ‘मिशीवाली सती’ पाहायला लोणखेड्यापासून गाड्या जुंपून लोक आले. नाटक पुन्हा लावलं. नथ्थूनं यावेळी मिशीला मुद्दाम पीळ दिला, प्रधान खांबाला दंडवत घालूनच बोलायला लागला, आणि लोकांनी त्या खांबाला हार घातला. समीक्षेचा कलेवर परिणाम होतो म्हणतात तो हा! मी रागारागानं दुसरं परीक्षण लिहिलं. त्यात नाटकाला गुन्हा म्हटलं, नटांना गुन्हेगार म्हटलं, प्रेक्षकांनाही सोडलं नाही. पुन्हा टावेल-टोपी आली. प्रेक्षकांतर्फे नारळ आला तो वेगळा.

“त्यास्ले शुद्ध मराठी समजत नही, मास्तर,” रतिलालभाई म्हणाले. “मी जाईसन अहिराणीमा समजाडी देस.” ते अंक घेऊन पाडळपूरला गेले आणि भरपेट जेवून परत आले. मी विचारलं, चिडले का? तर म्हणाले, चिडतील कसे, मास्तर, मी इतकं चांगलं समजावलं की त्यांनी तुम्हाला गावच्या सगळ्या जावयांत पहिला नंबर दिला. या माणसाला अहिराणीत एकही कडू शब्द बोलता येत नाही, आणि हा मला मुत्सद्दीपणा शिकवतो!

आणि अशात तार आली की निरीक्षक आखाजीच्या दिवशी पोचत आहेत. ज्या गावानं माझा सूड घ्यायचा, ते गाव माझी मिरवणूक काढायच्या बेतात. बायको माहेरी. घरात भाकरी नाही. मी ओट्यावर डोकं धरून बसलो.

रतिलालभाईंनी बराच वेळ विचार केला आणि एकदम मांडीवर थाप मारली. “मास्तर, आखाजीना दिन शे! बार शे ना बार!”

हा बार म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्या सभ्य लोकांसाठी सांगतो. आखाजीला गौराई बोळवायला दोन गावच्या बायका नदीच्या दोन काठांवर जमतात, आणि समोरच्या गावाला शिव्या घालतात. अगदी ठेवणीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या घासून लख्ख केलेल्या शिव्या. मधूनमधून ढेकळंही फेकतात. त्या दिवशी कुणी कुणाचं मनावर घ्यायचं नाही, आणि बार संपला की गळ्यात गळे. बोरखेडी आणि पाडळपूरचा बार तर फारच नावाजलेला. दिल्लीच्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. शिवाय त्याला अहिराणी कळायची नाही. त्याला काठावर उभा करायचा आणि सांगायचं, पाहा, हा रोष!

निरीक्षक प्रा. दामोदर निजसुरे सुरतेच्या गाडीनं नंदुरबारला उतरले आणि एस.टी.नं शहाद्याला आले. मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत राहून चेहऱ्यावर कायमचं उद्‌घाटन चढलेलं. काळा चष्मा, लोकरीचा कोट, आणि बाहेर वैशाखातलं ऊन! घरात बाई नाही म्हणून मी त्यांना खाणावळीत शेवभाजी खाऊ घातली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, आमच्या भागात कलेविषयी लोक असेच तीव्र आहेत. त्यांनी मान हलवली, बोलता येत नव्हतं.

उन्हं कलल्यावर आम्ही बैलगाडीनं बोरखेडीच्या काठावर गेलो. गोमाई कोरडी ठणठणीत. अलीकडे आमच्या गावच्या बायका, पलीकडे पाडळपूरच्या, दोन्हीकडे टोपल्यांत गौराई. मी निजसुऱ्यांना रतिलालभाईंच्या ताब्यात काठाच्या सावलीत बसवलं आणि स्वतः नदीच्या पात्रात, दोन्ही सैन्यांच्या मधोमध, छाती काढून उभा राहिलो. तिथे बाईशिवाय कुणी उभं राहत नाही, पण राष्ट्रीय प्रश्न होता.

पाडळपूरकडून पहिली फैर आली: “बोरखेडीना गडी कसा, कोंबडी देखी पळस तसा!”

निजसुरे काठावरून ओरडले, “काय म्हणतायत?”

“म्हणतात, समीक्षकानं कितीही टीका केली तरी आम्ही आमची कला सोडणार नाही!” मी पात्रातून ओरडून सांगितलं.

आमच्या बाजूच्या धनुबाईनं पदर खोचला. ही बोरखेडीची सर्वांत मोठी तोफ. “पाडळपूरनी सासू कशी, दूध पिई जास मांजर जशी!”

“आणि या?”

“या आपल्या बाजूच्या! समीक्षेचं स्वातंत्र्य अबाधित राहिलंच पाहिजे, म्हणतात!”

निजसुऱ्यांनी काळा चष्मा काढला. “अहो, पुण्यातसुद्धा हे नाही! समीक्षेच्या प्रश्नावर दोन गावं समोरासमोर! आणि स्त्रिया!” ते भराभरा टिपून घ्यायला लागले. तेवढ्यात एक ढेकूळ माझ्या टोपीवर बसलं आणि टोपी वाळूत गेली. मी जागचा हललो नाही. आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मग पलीकडच्या गर्दीतून एक बाई पुढे आली. आमच्या सरलाबाई. बारात सगळ्या खोट्या खोट्या रागावतात, हिचा एकटीचा राग अस्सल होता. माझ्याकडे बोट करून तिनं आवाज लावला, “आठे उभा शे तो मास्तर देखा वं माय! दुन्यानं नाटक देखस, घरमा सरपन नही ते देखस नही!”

दोन्ही काठ हसले. आमच्या बाजूचासुद्धा! धनुबाई तर खालीच बसली. हसायचं काय होतं त्यात? सरपण संपलं होतं हे मला कुणी सांगितलं होतं का?

“या बाई कोण?” निजसुरे ओरडले.

“विरोधी पक्षाच्या पुढारी!” मी म्हटलं. “म्हणतात, समीक्षक जीवनापासून दूर गेला आहे!”

“वा! फार ओजस्वी! महत्त्वाचा आक्षेप आहे!” असं म्हणून त्यांनी तोही टिपून घेतला.

इथेच देवानं दिवस मावळवला असता तर मी आज राष्ट्रीय समीक्षक असतो. पण उजेड असतानाच बार संपला. दोन्ही काठांवरच्या बायका पात्रात उतरल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, लेकीबाळींची चौकशी करायला लागल्या. पाडळपूरच्या सासवांनी धनुबाईला सांजोऱ्या भरवल्या. निजसुरे गोंधळून खाली आले आणि मला म्हणाले, “हे काय? तडजोड झाली?”

मी काहीतरी सांगणार, एवढ्यात नथ्थू धावत आला. माझं बोडकं डोकं त्याला दिसलं होतं. त्यानं माझ्या डोक्यावर नवी टोपी चढवली, खांद्यावर टावेल टाकला आणि दिल्लीच्या पाहुण्याला शाळेत शिकलेल्या मराठीत नमस्कार केला. “मी चंद्रप्रभा.”

निजसुऱ्यांनी त्याच्या मिशीकडे पाहिलं. “म्हणजे ज्यांच्यावर टीका झाली ते आपणच? आपल्याला यांचा राग नाही?”

“राग कशाचा? दाजींनी आमचं नाव केलं!”

“मग एवढा वेळ हा आरडाओरडा कसला?”

“तो आखाजीचा बार. दरसाल होतो. मन्हा आजाना आजापासून.”

“आणि ही टोपी?”

नथ्थूची छाती फुगली. “दाजींच्या हर लेखाला आम्ही टावेल-टोपी देतो. एकदा धोतरजोडीसुद्धा दिली!”

निजसुऱ्यांनी वही मिटली आणि चष्मा चढवला. “समीक्षक कलावंताकडून धोतरं घेतो,” ते इतकंच म्हणाले, पण शब्द असे टाकले की खाली वाळू नसती तर मी फुटलो असतो. रतिलालभाई मदतीला धावले आणि म्हणाले, साहेब, धोतर फार चांगल्या पोताचं नव्हतं. सकाळच्या एस.टी.नं निजसुरे गेले. ते पारितोषिक पुढे कुणा एका गृहस्थाला मिळालं, त्यांनी म्हणे फक्त दिवंगत कलावंतांवर लिहिलं होतं. अशांना निर्भीड म्हणायचं! मेलेला माणूस काय अंगावर येतो?

पारितोषिक गेलं ते गेलं, बायको तरी आणावी म्हणून निजसुरे गेले त्याच दिवशी मी गाडी जुंपून पाडळपूरला गेलो. आता शब्द मागे घ्यायला हरकत नव्हती, त्यांचा उपयोग संपला होता. ओसरीवर सासूबाई जमनाबाई, नथ्थू, आणि दाराआड सरलाबाई. मी उभा राहून म्हटलं, “नथ्थू, तुझ्या नाटकाबद्दल जे लिहिलं ते मी सगळं मागे घेतो.”

नथ्थू रडकुंडीला आला. “दाजी, आसं नका करू! चावडीवरनं काढनं पडी ना मंग! लोके पुढला साल कशाले येतीन?”

“तू उगा ऱ्हाय,” दारामागून आवाज आला. सरलाबाईंचा चेहरा निवळलेला मला न पाहताच कळला. तिनं गाठोडं बांधलं, गाडीत नेऊन ठेवलं, पोळपाटही ठेवला. मला इतकं हलकं वाटलं की सासूबाईंनी जेवून जा म्हटल्यावर मी लगेच हात धुतले.

खापरावरचे मांडे आणि आमरस. मांडे आमच्या सौभाग्यवतींनी स्वतः केले होते, सकाळपासून, मी येणार हे ठरवून. तिनं रुमालाएवढा मांडा माझ्या ताटात पसरला आणि नव्या नवरीसारखी समोर बसली. आमच्या संसारात तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं विचारलं.

“जगना नाटकंस्वर लिखतस. मन्हा हातना मांडावर कधी काही बोलनात नही. सांगा तरी, कसा शे?”

नथ्थूनं मला डोळ्यांनी खुणावलं. सासूबाईंचा रसाचा डाव वाटीवर थांबला. त्या घरात मांड्याबद्दल एकच उत्तर चालतं आणि ते अंगणातल्या कुत्र्यालाही पाठ आहे. पण मला विचारलं होतं, मी समीक्षक होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं मत मागितलं होतं. मी घास चावला, शांतपणे विचार केला आणि म्हणालो, “मध्ये उत्तम आहे. कडेला जाड झालाय. पुरण एका बाजूला सरकलंय, आणि भाजताना घाई केलेली दिसते.”

सरलाबाई उठली, अंगणात गेली आणि गाडीतून गाठोडं उतरवून आत घेऊन आली. मग परत गेली आणि पोळपाट आणला.

खरा रोष, घरचा, स्वतःच्या डोक्यावर ओढवून घेतलेला, त्यात लबाडी नाही, भाषांतर नाही. अख्ख्या हिंदुस्थानात त्या घटकेला याहून निर्भीड समीक्षा झाली असेल तर दाखवा. आणि ती नोंदवून घ्यायचा अधिकार असलेला एकुलता एक माणूस त्याच वेळी आगगाडीत बसून खांडबारं स्टेशन ओलांडत सुरतेकडे चालला होता. मी उरलेला मांडा खाल्ला, हात धुतले आणि एकटाच बैलगाडीत जाऊन बसलो.